वरचं पाणी, तळचं पाणी

नदीत सोडलेला तरंगा थोडं खोटं बोलतो. किती खोटं, ते आम्हाला नोकरीला लागल्या लागल्या शिकवलं होतं. पाटबंधारे खात्यात नदीमापनावर असलेल्या माणसाजवळ करंट मीटर नसेल, किंवा पुरात होडी घालायची सोय नसेल, तर काठावर दोन खुणा करायच्या, वरच्या अंगाला लाकडाचा तुकडा फेकायचा आणि खालच्या खुणेपाशी तो किती सेकंदांत पोचतो ते घड्याळात बघायचं. निघालेल्या वेगाला मग ०.८५ ने गुणायचं. गुणायचं कारण तरंगा फक्त वरच्या पाण्याची बातमी आणतो. वरचं पाणी मोकळं धावतं, तळाचं दगडगोट्यांना घासत मागून येतं. मीटर असला तरी तो पृष्ठभागावर धरत नाहीत, खोलीच्या सहा दशांशावर धरतात, तेव्हा कुठे सरासरी वेग मिळतो.

ह्या ०.८५ चा दुसरा उपयोग मला खात्याच्या बाहेर, तापीच्या काठावर समजला. गळ टाकणाऱ्या माणसाचीही अडचण नेमकी हीच असते. त्याचा तरंगा वर, आमिष तळाशी. तरंगा पुढे पळतो, आमिषाला ओढत नेतो, आणि तळच्या माशाला आपल्यासमोरून धावत निघालेली अळी दिसते. खरी अळी अशी धावत नाही, ती पाण्याबरोबर वाहते. मासा तोंड फिरवतो. म्हणून तरंगा कसला, केवढा, कुठे बांधलेला, ह्याला एवढं महत्त्व. माझं म्हणणं असं आहे की तरंगा माशासाठी निवडत नाहीत, वरच्या आणि तळच्या पाण्यातल्या ह्या फरकासाठी निवडतात. आणि आमच्या तापीवर ही निवड हळूहळू बंद पडली त्याची कारणं मासेमारीत शोधून सापडणार नाहीत, पाटबंधाऱ्यांत सापडतील. मी त्याच खात्यात उमेदीची वर्षं काढली, तेव्हा हे मीच सांगितलेलं बरं.

मी शिंदखेड्याचा. गाव बुराईवर आहे, पण पावसाळा सरला की बुराईत वाळू तेवढी उरते. तालुक्याचं खरं पाणी उत्तरेच्या शिवेवर, तापीत. पलीकडच्या काठाला शिरपूर तालुका. मुडावदला पांझरा तापीला मिळते, तिथे संगमावर कपिलेश्वराचं देऊळ आहे. पांझरा पिंपळनेरकडून, धुळ्यातून खाली येते, आणि तिच्यावर फड बागायतीचे जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथे खाली डोह खणला जातो, डोहाच्या तोंडाशी पुन्हा उथळ, खळखळती धार. डोह आणि धार, धार आणि डोह, अशी ती नदी होती. गळ टाकणाऱ्याला असलीच नदी लागते. मासा विसावतो डोहात आणि खातो धारेच्या कडेला.

ह्या काठांवर माणसं फार जुन्या काळापासून गळ वापरत आली आहेत. तापीकाठच्या सावळदा गावावरून एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळालं. साक्री तालुक्यातल्या कवठ्याला डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी उत्खनन केलं तेव्हा तिथेही ह्याच संस्कृतीची वस्ती निघाली. काळ साधारण इसवी सनापूर्वी २००० च्या आसपासचा, म्हणजे आजपासून चार हजार वर्षं मागे. ह्या लोकांच्या मडक्यांवरची चित्रं बघण्यासारखी आहेत. इतर ठिकाणी कुंभार नक्षी काढतो, हरणं काढतो. इथल्याने त्याबरोबर हत्यारं काढली. बाणाची टोकं, काटेरी भाले, आणि दुहेरी काट्याचे गळ. ज्याच्या घरात जे रोज हाताळलं जातं तेच त्याने मडक्यावर काढलं असणार. गळ मात्र सुटा काढलेला आहे. त्याला दोरी, दोरीला तरंगा, असं काही नाही.

आणि जमिनीतूनही ते कधी निघायचं नाही. गळ हाडाचा किंवा तांब्याचा असला तर टिकतो, जाळ्याची मातीची वजनं टिकतात. तरंगा हलका असतो म्हणूनच तो तरंगा, आणि जे हलकं ते कुजतं, जळतं, गुरं खातात. आमच्याकडचा सगळ्यात साधा तरंगा ज्वारीच्या ताटाच्या भेंडाचा. पोळ्याला पोरं ज्या भेंडाच्या बैलगाड्या करतात तोच. गावात वर्षाला हजारो तरंगे होत असतील तरी एकही मागे राहणार नाही. इतिहास लिहिणाऱ्याने अशा वस्तूच्या मागे लागू नये हे शहाणपणाचं. पण मी इतिहासकार नाही, मला सवय पाणी मोजण्याची.

लिहिलेल्या कागदात बघावं तर पहिलं नाव राजाचं येतं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने इसवी सन ११३० च्या आगेमागे ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ केला. मराठीच्या अभ्यासकांना तो त्यातल्या संगीताच्या भागात आलेल्या जुन्या मराठी पदांमुळे माहीत असतो. त्यातच राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. काठी कशी असावी, दोरी कशी, गळ कसा, कुठल्या माशाला कुठलं आमिष, असा सगळा सरंजाम. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरांनी १९५१ साली त्यावर इंग्रजीत निबंध लिहिला तेव्हा मासे अभ्यासणाऱ्यांच्या जगाला ते नीट कळलं. राजा काठावर बसून गळ टाकतो आणि आमिषं इतर लोक मळतात, हे प्रकरण वाचताना सारखं जाणवतं. भोयाच्या घरी दोन्ही कामं एकच माणूस करतो.

नंतर इंग्रज आले. खानदेश त्यांच्या ताब्यात १८१८ साली गेला. १८२५ ला औट्रम धरणगावला भिल्ल पलटण उभारायला आला. त्याच्या वाघांच्या शिकारीच्या कथा भरपूर, माशांच्या नाहीत. माशांकडे सरकारचं लक्ष गेलं ते अर्ध्या शतकानंतर. फ्रान्सिस डे हा मद्रासकडचा लष्करी डॉक्टर. त्याने ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांना प्रश्न धाडून हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्याच्या मासेमारीवर १८७३ साली मोठा अहवाल काढला. त्यात त्याला काय हवं होतं? मच्छीमार किती, जाळ्याचं डोळं किती बारीक, सापळे कुठले, पाण्यात विष घालतात का. ह्याच विचाराच्या ओघात १८९७ चा मत्स्य कायदा आला, आणि पाण्यात सुरुंग फोडणं, विष घालणं गुन्हा ठरलं. कायदा चांगलाच होता. पण सरकारी प्रश्नावलीत येते ती वस्तू जिच्यावर कर बसेल किंवा बंदी घालता येईल अशी. ज्वारीच्या भेंडावर ह्यातलं काहीच करता येत नाही.

त्याच १८७३ साली मद्रास सनदी सेवेतल्या हेन्री सलिव्हन थॉमसचं ‘द रॉड इन इंडिया’ निघालं. साहेबांच्या गळाच्या छंदाचं हे पहिलं मोठं पुस्तक, आणि त्यातला नायक महाशीर. चमचा, कृत्रिम माशी, लांब काठी. महाशीर तापीतही होता, नर्मदेत तर होताच. पण थॉमसला तळ्यातल्या साध्या माशांचीही आवड होती; १८८७ साली त्याने ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ वेगळं लिहिलं. माझ्या मते साहेब लोकांमध्ये हा एकटा जरा आपल्यातला. पुढे मुंबईला पवईच्या तलावावर १९३० च्या दशकात गळवाल्यांची रीतसर संस्था निघाली, तीही कटला-रोहूवर बारीक तरंगा लावून बसणाऱ्यांची. पण तलावाचं पाणी उभं असतं. तिथे ०.८५ चा प्रश्न येत नाही.

आता तापीवरचा तरंगा. तो मी शिकलो एका म्हाताऱ्या भोयाकडून. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं, मीही आप्पाच म्हणतो. आमची ओळख होडीमुळे झाली. पुराच्या दिवसांत मापनासाठी होडी आणि नावाडी लागायचा, तो मान त्यांचा. मी लाकडाचा तुकडा टाकून घड्याळ बघतोय हे बघून ते हसले होते. त्यांनी विचारलं, “तयनं कसं मोजस?” तळाचं कसं मोजतोस? मी ०.८५ सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, गारगोट्यावर कमी होतं, गाळावर जास्त. बरोबर होतं ते. खडबडीत तळाच्या नदीला गुणक खाली घ्यावा लागतो, हे आमच्या पुस्तकातही आहे.

आप्पांकडे तरंगे तीन जातींचे असत. ज्वारीच्या भेंडाचा, पांगाऱ्याच्या लाकडाचा आणि मोरपिसाच्या दांडीचा. तिघांची कामं निरनिराळी.

भेंड सगळ्यात हलका. ताट सोलून मधला गाभा घ्यायचा, बोटाच्या पेराएवढा कापायचा, मधून बाभळीच्या काट्याने भोक पाडून दोरी ओवायची. कोरडा असताना तो उत्तम, पण तासाभरात पाणी पितो आणि आळशी होतो. म्हणून त्याला मधाच्या पोळ्याचं मेण चोळायचं. आप्पा कधी कधी बिब्ब्याचं तेल लावत, त्याने तो काळाही होतो आणि पाणीही धरत नाही. मी एकदा हौसेने हात लावला आणि आठवडाभर बोटांवर बिब्बा उतला. तेव्हापासून माझं मेणावर भागतं. भेंडाचा आखूड, गुबगुबीत तरंगा धारेसाठी. खळखळत्या पाण्यात उंच तरंगा आडवा पडतो, आखूड असला की लाटांवर बसून राहतो.

पांगाऱ्याचं लाकूड टिकाऊ. जड आमिषाला, मरळीसाठी जिवंत लहान मासा लावायचा असेल तर हाच. ह्याच्यात कौशल्य कमी, म्हणून मी पुढे जातो.

मोरपीस हे खरं बारीक काम. गळलेल्या पिसाची दांडी, केस काढून टाकलेली, वीतभर. आत पोकळी, वर गुळगुळीत. डोहाच्या शांत पाण्यात ती उभी राहते आणि टोक तेवढं वर दिसतं. मासा आमिषाला नुसता ओठ लावतो तरी टोक बोलतं. खालच्या अंगाला शिशाची तार गुंडाळून आप्पा ती घंगाळात घालून बघत. टोक दोन जवांएवढं वर राहिलं पाहिजे. जास्त राहिलं तर तार वाढवायची. तरंग्यात गरजेपेक्षा जास्त जोर ठेवला की तो जोर माशाला लागतो आणि मासा सोडून देतो, हे त्यांचं गणित.

दोरीवरची जागा हाही निवडीचाच भाग. पाणी छातीएवढं असेल तर तरंगा छातीएवढ्या अंतरावर बांधणारा नवशिका. वाहत्या पाण्यात दोरी सरळ खाली लोंबत नाही, तिरपी जाते. म्हणून खोलीच्या दीडपट धरायची. मग तरंगा पुढे आणि आमिष मागे, असे दोघे जातात. तरंगा फेकल्यावर आप्पा काठीचं टोक वर उचलून त्याला जरासा मागे खेचत, पुन्हा सोडत. तेवढ्याने तो वरच्या पाण्याच्या मागे राही आणि तळच्या पाण्याच्या वेगाला येई. मी हे बघितलं तेव्हा मला माझी नोंदवही आठवली. आम्ही खोटं मोजून नंतर गुणत होतो, ते खोटं बोलूच देत नव्हते.

रंगाचं म्हणाल तर आप्पांना लाल-पिवळ्याचं कौतुक नव्हतं. दुपारी पाण्यात आभाळ असतं, तिथे पांढरा भेंड दिसतो. सूर्य उतरला की पाणी चमकतं, तिथे पांढरं दिसेनासं होतं आणि बिब्ब्याचा काळा तरंगा उठून दिसतो. धारेत पांढरा कधीच नको, फेसात हरवतो. रंग तरंगा बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असतो, माशाचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि मग तरंगा काय सांगतो ते वाचायचं. वाम आमिष धरून हळूहळू बिळाकडे नेते. तरंगा बुडत नाही, आडवा सरकत जातो. शिंगाडा एकदम घेऊन जातो. रोहू तळाशी तोंड लावून आमिष उचलतो, तेव्हा तरंगा बुडायच्या ऐवजी वर उठतो आणि आडवा पडतो. नवा माणूस तो बुडायची वाट बघत बसतो. खवल्या नुसत्या टोचत राहतात. मी घाई केली की आप्पा दटावायचे, “वढू नको, आजून चाखी राह्यना तो.”

धारेत ते आमिष म्हणून काय लावत हे सांगायचं राहिलं. गांडूळ किंवा कणकेचा गोळा डोहात. धारेत ते पाण्यात उतरून गोटा उलटत. त्याच्या पोटाला चपट्या, तीन शेपट्यांच्या अळ्या चिकटलेल्या असतात. बारीक गळावर दोन अळ्या, वर भेंड, आणि धारेच्या कडेने सोडून द्यायचं. जगात ह्याला निम्फ फिशिंग म्हणतात, आणि त्यावर कपाटभर पुस्तकं आहेत, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

कळलं ते पुतण्यामुळे. तो अमेरिकेत डेन्व्हरला असतो. तिकडे साउथ प्लॅट नदीवर तो फ्लाय रॉड घेऊन ट्राउट धरायला जायला लागला, आणि एका रविवारी फोनवर विचारलं, “काका, इंडिकेटर कुठला घेऊ? लोकरीचा, फोमचा की प्लॅस्टिकचा फुगा?” इंडिकेटर म्हणजे काय हे त्याने दाखवलं. तरंगाच होता. मग मी त्या विषयाच्या नादी लागलो. निवृत्त माणसाला वेळ असतो.

इंग्लंडात तरंग्याला लाज नव्हती. १४९६ साली छापलेल्या, जुलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या गळाच्या पुस्तिकेत बुचाचे तरंगे आहेत, आणि त्यांचं मापही आहे. दोरी घोड्याच्या केसांची. एका केसाच्या दोरीला वाटाण्याएवढा तरंगा, दोन केसांना घेवड्याच्या दाण्याएवढा, बारा केसांना अक्रोडाएवढा. म्हणजे ताकदीला साजेसा, जास्त नाही. आप्पांच्या घंगाळापासून हे फार लांब नाही.

लाज आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. फ्रेडरिक हॅलफर्डने १८८६ च्या पुस्तकापासून असा दंडक बसवला की खडूच्या जमिनीतून वाहणाऱ्या त्या स्वच्छ नद्यांवर सभ्य माणसाने फक्त पाण्यावर तरंगणारी कृत्रिम माशी टाकावी, तीही वर आलेल्या माशालाच. मासा दिवसाचा बराच वेळ पाण्याखाली अळ्या खातो हे सगळ्यांना दिसत होतं. जी. ई. एम. स्क्यूज नावाच्या लंडनच्या वकिलाने ते उघड बोलायचं धाडस केलं; १९१० साली त्याचं पुस्तक आलं आणि कृत्रिम अळी, म्हणजे निम्फ, पाण्याखाली सोडायला सुरुवात झाली. १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात ह्यावर रीतसर वाद झाला, तेव्हा स्क्यूज ऐंशीला टेकला होता. एवढी बंडखोरी केलेल्या स्क्यूजनेही तरंगा लावला नाही. माशाच्या अंगाची पाण्यातली हालचाल, दोरीच्या टोकाचा झटका, एवढ्यावर ओळखायचं. १९५८ साली फ्रँक सॉयर ह्या नदीच्या राखणदाराचं पुस्तक आलं. त्याची अळी दोऱ्याऐवजी तांब्याच्या तारेने बांधलेली, झटकन तळ गाठणारी. तोही तरंग्याशिवायच. स्वच्छ, संथ पाणी आणि कसलेली नजर असेल तर जमतं. आमच्या तापीच्या श्रावणातल्या पाण्यात हॅलफर्ड, स्क्यूज आणि सॉयर तिघे मिळून बसले असते तरी त्यांना मासा दिसला नसता.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या नद्या दांडग्या, वेगवान. तिथे १९७०-८० च्या दशकांत दोरीवर रंगीत लोकर, बुचाचा मणी, फोमचा तुकडा बांधायची रीत पसरली. लोकरीला मेणासारखं काहीतरी चोळतात. जुन्या वळणाचे लोक अजून नाक मुरडतात, आणि फ्लाय फिशिंगच्या जागतिक स्पर्धांमध्ये दोरीला तरंगा लावायला बंदी आहे; तिथे दोरीचाच एक तुकडा भडक रंगाचा ठेवून त्याच्याकडे बघतात. पण सुट्टीच्या दिवशी नदीवर जाणारा माणूस स्पर्धेला थोडाच जातो.

पुतण्याच्या नदीत मला एक गोष्ट विलक्षण वाटली. साउथ प्लॅटवर चीझमन धरण आहे, १९०५ सालचं. धरणातून खाली बारमाही, थंड, गाळ नसलेलं पाणी सोडतात. त्यामुळे खालच्या दगडांवर अळ्या माजतात, ट्राउट वर न येता तळाशीच चरतो, आणि वाहत्या पाण्यात बारीक अळी खोल सोडायला इंडिकेटर लागतो. म्हणजे तिथे धरणामुळे तरंग्याला काम मिळालं.

तापीवर उलट झालं. १९७२ साली खाली गुजरातेत उकाई पुरं झालं, तेव्हा समुद्राकडून वर येणाऱ्या माशांची वाट बंद झाली. १९८२ साली वर भुसावळजवळ हतनूर. १९९७ साली जळगावला तापी पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झालं आणि पुढे आमच्या पट्ट्यात सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज एकापाठोपाठ उभे राहिले. पाणी आलं, पंप लागले, केळी-पपईपर्यंत पिकं गेली. अवर्षणाच्या तालुक्याला ह्याचं मोल काय ते मला कुणी सांगायला नको. पण बॅरेजचे दरवाजे पूर आल्यावर उघडतात आणि पूर ओसरल्यावर लागतात. मग आठ-नऊ महिने नदी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेले लांब तलाव. धार बुडाली, गोटे गाळाखाली गेले, गोट्यांच्या पोटच्या अळ्या गेल्या. वरचं पाणी आणि तळचं पाणी एकाच वेगाने, म्हणजे कुठल्याच वेगाने नाही. मीटर घालून काय मोजणार?

मासेही बदलले. कटला आणि रोहू मूळचे गंगेकडचे, इकडच्या धरणांत त्यांचं बीज सोडतात. चिलापी तर आफ्रिकेची. देशात आली १९५२ साली, आणि आता कुठल्याही डबक्यात आहे. उभ्या पाण्यातल्या ह्या माशांना तळाशी पिठाचा गोळा टाकला की पुरतं. तरंगा हवाच असेल तर हवाई चपलेचा कापलेला तुकडा, थर्माकोल, नाहीतर औषधाची रिकामी बाटली. बऱ्याच जणांनी तोही सोडला. काठी जमिनीत रोवायची, शेंड्याला घुंगरू बांधायचं आणि झाडाखाली पत्ते खेळत बसायचं. घुंगरू वाजलं की उठायचं. मी ह्याला नावं ठेवणार नाही, उभ्या पाण्यात घुंगरू हेच शहाणपणाचं. आप्पांनी शेवटची काही वर्षं मोरपीस फक्त शिवरात्रीच्या सुमारास काढलं, तेही हौसेपोटी. धारेचा आखूड भेंड करणं त्यांनी कधीच थांबवलं होतं. मेणाची डबी त्यांच्या सुनेने शिवणाच्या दोऱ्यासाठी नेली.

पूर ओसरताना, दरवाजे अजून पुरते लागलेले नसताना, काही दिवस बॅरेजच्या खालच्या अंगाला पुन्हा धार दिसते. पाणी तांबूस, पण वाहतं. त्या दिवसांत पोरं चपलेचे तुकडे घेऊनच येतात. रबराचा तरंगा धारेत भराभरा पुढे जातो, मागून गळ ओढत नेतो, पोरं म्हणतात मासा नाही. एकदोघांना मी काठीचं टोक उचलून तरंगा मागे धरायला दाखवलं. एकाला जमलं, आणि त्याने मला कशाला म्हणून न विचारता पुढची दोन वर्षं तसंच धरलं.

पुतण्याला मोरपीस पाठवावं असं प्रथम मनात आलं होतं. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित. गळलेलं पीस घरात ठेवता येतं, देशाबाहेर धाडता येत नाही. ज्वारीचं ताट तर तिकडच्या विमानतळावरच काढून घेतील. तेव्हा त्याला माप सांगितलं. अळी किती जड ते आधी बघ, तिला पेलेल तेवढाच तरंगा ठेव, वर जोर शिल्लक ठेवू नकोस. दीडपट खोली. संध्याकाळी काळा. काठीचं टोक उचलून मागे धर. हे सगळं त्याने प्लॅस्टिकच्या फुग्यावर करून बघितलं आणि कळवलं की फुगा फार उसळतो, माशाला लागतो. लोकर बरी, पण भिजते. आता तो म्हणतो की त्याच्या गावाबाहेर मक्याची शेतं आहेत, सुगी झाल्यावर ताटं नुसती उभी असतात, शेतकऱ्याला विचारून दोन घेऊ का? घे म्हटलं. मक्याचा भेंड ज्वारीपेक्षा ठिसूळ असतो, दोरी ओवताना फुटतो, म्हणून आधी मेणात बुडवून मग भोक पाड. आणि गाठीजवळचं पेर घेऊ नकोस, ते जड असतं.